गुडघ्यांच्या नावावर

पंपहाऊस बस्तीतल्या शंभरातल्या एक्क्याऐंशी बायांचे गुडघे दुखतात. हे मी म्हणत नाही, मैकल ट्रस्टचा कॉम्प्युटर म्हणतो. भिंतीवर आलेखाचा निळा खांब उभा करून, रायपूरहून आलेल्या पाहुण्यांसमोर म्हणतो. त्या निळ्या खांबाला टाळ्या पडल्या तेव्हा मी पहिल्या रांगेत गळ्यात झेंडूचा हार घालून बसले होते, आणि तो हार तोडून कुणाच्या तरी अंगावर फेकावा असं मला वाटत होतं.

पण आधी मी कोण ते सांगते. मी वच्छला. ट्रस्टच्या बस्तीतल्या दवाखान्यात सव्वीस वर्षं नर्स होते. भिलाईच्या आजूबाजूच्या लहान कारखान्यांनी मिळून हा ट्रस्ट काढला, आपल्या कामगारांसाठी. त्यांचं मोठं हॉस्पिटल दुर्ग रोडला आहे, आणि बस्तीत दोन खोल्यांचा दवाखाना होता, तो माझा. ‘माझा’ म्हणते, कारण डॉक्टर दर दोन वर्षांनी बदलायचे, मी नाही. नवरा शेषराव रेल्वेत गार्ड होता. आता आम्ही दोघंही रिटायर, स्मृति नगरात राहतो आणि दिवसभर एकमेकांच्या चुका काढतो.

सव्वीस वर्षांत मी एकच गोष्ट नीट शिकले. बाई दवाखान्यात आली की आधी गुडघे सांगते. सगळ्याच सांगतात, भंडाऱ्याकडच्या आमच्या मराठी बाया असोत नाहीतर छत्तीसगढी. गुडघा दुखतो असं सासऱ्यासमोर सांगता येतं, पोरासमोर सांगता येतं, चौकात उभं राहून सांगितलं तरी कुणी मान खाली घालत नाही. म्हणून आधी गुडघा. मी पडदा ओढायची, बोटाला खोबरेल तेल घ्यायची आणि दोन मिनिटं तो गुडघा चोळायची. काही बोलायची नाही. मग बाई हळूच म्हणायची, “सिस्टरबाई, आनखी एक होतं...”

त्या ‘आनखी एक’साठी मला पगार मिळत होता असं मी समजते. कुणाचं अंग बाहेर आलेलं असायचं आणि ती तसंच विटा वाहत असायची. कुणाच्या छातीत गाठ. एकीच्या पाठीवर पट्ट्याचे वळ होते. डॉक्टर पडद्यापलीकडे बसलेला असायचा, मी त्याला कागदावर लिहून द्यायची, तो औषध लिहायचा नाहीतर आत येऊन तपासायचा. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, कुणी आम्हाला शिकवलं नव्हतं, पण चालत होतं.

मग कोरोना आला. तेव्हा जे केलं त्याबद्दल माझं भांडण नाही. आमची आया त्या वर्षी गेली, दोन डॉक्टर गेले, मी स्वतः सतरा दिवस ऑक्सिजनच्या नळीला धरून जगले. वरून एक कागद आला: कापडी पडदे काढा, त्यात जंतू राहतात. दारं उघडी ठेवा, हवा खेळली पाहिजे. आणि डॉक्टर आता व्हिडिओवर बोलतील, पण एकाचे हेडफोन दुसऱ्याच्या कानाला लावू नका, स्पीकरवर बोला. पडदा मीच काढला. स्टुलावर चढले, कड्या सोडवल्या आणि फिनाइलच्या बादलीत तो बुडवला. तेव्हा ते बरोबरच होतं.

कोरोना गेला. कागद गेला नाही.

उलट ट्रस्टला ते फार आवडलं. एका डॉक्टरात चार बस्त्या! माझ्या दवाखान्यातला तपासणीचा बाक उचलून नेला, भिंतीला मोठा टीव्ही ठोकला, त्यावर कॅमेरा बसवला. बाहेर रांगेसाठी जमिनीवर पांढरे गोल रंगवले होते, तेही राहिले. एका माणसाला चार मिनिटं. लोक त्याला ‘डब्बा’ म्हणतात. मी २०२१ च्या मार्चमध्ये रिटायर झाले तेव्हा माझ्या जागी कुणाला घेतलं नाही. बटणं दाबायला बबलू नावाचा एक जण ठेवला. माणूस चांगला आहे, पण त्याला कोण गुडघा चोळू देणार?

आणि मोठ्या हॉस्पिटलात थेट जाणं बंद. आधी व्हिडिओवरच्या डॉक्टरनं ‘रेफर’ करायचं, त्याचा नंबर छापून येतो, तो गेटवर दाखवायचा. नंबर नाही तर वॉचमन आत सोडत नाही. मला मात्र सोडतो, किंवा जावंच लागत नाही. माझं कार्ड हिरवं, कायम नोकरीवाल्यांचं. हिरव्या कार्डाला व्हिडिओ घरी मिळतो. मी खोलीचं दार लावून घेते, शेषरावाला बाहेर पिटाळते आणि फोनवर डॉक्टरला पोटातलं सगळं सांगते. ठेक्यावरच्या कामगारांचं कार्ड पिवळं. पिवळ्या कार्डाला फक्त डब्बा.

कलावतीचं कार्ड पिवळं आहे.

कलावती आमच्याकडे पोळ्या करायला येते. तिचा नवरा धोंडबा एका कास्टिंगच्या कारखान्यात ठेकेदाराकडे आहे. वय असेल पंचावन्न. २०२२ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. पोळ्या झाल्यावर मी म्हटलं, बस, चहा घे. तिनं खुर्चीवरची उशी काढून बाजूला ठेवली आणि शेषरावाचा जुना पेपर अंथरून त्यावर बसली. आदल्या आठवड्यातही तिनं तेच केलं होतं. सव्वीस वर्षं नर्स असलेल्या बाईला हे दुसऱ्यांदा दिसावं लागलं, याची मला आजही लाज वाटते.

शेषरावाला मी दही आणायला पाठवलं. दही घरात होतं.

“कलावती, तुझी पाळी बंद होऊन किती वर्षं झाली?”

तिनं कप खाली ठेवला. “सहा झाली असन.”

“आणि आता?”

 ती एकदम रडायलाच लागली. “जाते ना व बाई. दीड वर्ष झालं. आधी डाग पडे. आता कधी कधी इतकं जाते का घरी जाईपर्यंत लुगडं भिजून जाते. वास बी येते. मी दोन दोन लुगडे पिशवीत घेऊन फिरून राहिली.”

“दीड वर्ष! आणि मला सांगितलं नाही? या घरात रोज येते तू!”

“भाऊजी असते ना घरात. अन् तुमी तं रिटायर झाल्या.” मग तिनं नाक पुसलं. “मी का बसून नाई राहिली, सिस्टरबाई. सहादा गेली मी त्या डब्ब्यात.”

“मग डॉक्टर काय म्हणाला?”

“गुडघ्याच्या गोळ्या देल्ल्या.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिलाच बोलले, वाट्टेल ते बोलले. अगं, तोंड नव्हतं का तुला? डॉक्टरला गुडघे कशाला सांगितले? ती ऐकून घेत होती. माझा दम संपल्यावर म्हणाली, “गुडघेच सांगतो ना आपन आधी. मंग तुमी पुसत होत्या. थो पुसतच नाई. ‘और कुछ?’ म्हनते, तं मांगं रांग उभी रायते. दार उघडं. त्याचा आवाज हापशीपर्यंत जाते. आमचे भासरे बी रायते रांगेत, बीपीच्या गोळीसाठी. तीस वर्ष झाले, मी त्यायच्यासमोर डोक्यावरचा पदर खाली नाई पडू देल्ला. त्यायच्यासमोर हे सांगू?”

भासरे म्हणजे धोंडबाचे थोरले भाऊ, देवराव. मला ते माहीत होते, शांत माणूस. ते तिला कधी वाकडं बोलले नसतील. पण प्रश्न त्यांचा नव्हताच.

पाळी बंद झाल्यावर सहा वर्षांनी रक्त जातं तेव्हा ते काय असू शकतं, हे पहिल्या वर्षाच्या नर्सलाही ठाऊक असतं. त्या दिवसापासून मला एकच ध्यास लागला. ही बाई टेबलावर झोपली पाहिजे आणि कुणीतरी हातानं तपासली पाहिजे, आणि लवकर. शेषराव म्हणाला, दुसऱ्या दवाखान्यात ने, आपण पैसे भरू. भरलेही असते. पण जर ते निघालं जे मला वाटत होतं, तर पुढं रायपूरला महिनोन्‌महिने इलाज, आणि तो पिवळ्या कार्डावर तेव्हाच लागू, जेव्हा ट्रस्टच्या हॉस्पिटलचा कागद असेल. ते कार्ड धोंडबानं तीस वर्षं भट्टीपुढं उभं राहून कमावलं होतं. ते काय कपाटात ठेवायला?

तेवढ्यात ते शिबिर आलं. ‘घुटना स्वास्थ्य शिविर’, सेक्टर दोनमधल्या एका हॉलमध्ये. ट्रस्टच्या कॉम्प्युटरला बस्तीतल्या बायांच्या गुडघ्यांचा शोध लागला होता ना! आणि कोरोनात काम केलेल्या नर्सांचा सत्कार म्हणून मला बोलावणं. मी गेले, कारण तिथं आनंदराव भेटणार होते. आनंदराव म्हणजे टेलि-आरोग्याचे मुख्य अधिकारी. आमच्याच बाजूचे, तुमसरचे. बोलायला गोड.

निळा खांब झाला, टाळ्या झाल्या. मग बायांना रांगेत उभं करून गुडघ्याला बांधायचे पट्टे वाटले, चारशे पट्टे. कलावतीच्या हातातही एक आला. त्या रांगेत मी एकेकीकडे बघत होते. एकीला मी पाच वर्षांपूर्वी अंग बाहेर येतं म्हणून आधार बसवून दिला होता, तो आता बदलायला हवा होता. दुसरीला छातीच्या गाठीसाठी दर सहा महिन्यांनी दाखवायला सांगितलं होतं. दोघींनी पट्टा घेतला आणि फोटोसाठी हसल्या. नुसती थट्टा चालली होती आमच्या बायांची, आणि करणाऱ्यांना ती थट्टा आहे हेसुद्धा कळत नव्हतं.

चहाच्या वेळी मी आनंदरावांना कोपऱ्यात गाठलं. नाव न घेता कलावतीचं सगळं सांगितलं. म्हटलं, “एक रेफर नंबर द्या.”

“ताई, मी कसा देऊ? तो सिस्टिममधून निघते. डॉक्टर पेशंटले पाहून देते.”

“डॉक्टर पेशंटला पाहत नाही हेच तर सांगते आहे. पडदा लावा. कान झाकणारं काहीतरी द्या. दार बंद करू द्या. कोरोना संपला.”

“एसओपी आहे ताई. रिव्हिजन रायपूरहून येईन. मी प्रस्ताव पाठवतो.” मग मला समजावण्याच्या सुरात म्हणाले, “तुमी शिकलेल्या आहा. त्यायले सांगा ना, डॉक्टरसमोर का लाज? साफ बोलाव. आजकाल लाजून चालत नाई.”

मी म्हटलं, “तिथं माईक आहे. चारशे माणसं बसली आहेत. तुमच्या मिसेस पण आल्यात. त्यांना बोलवा आणि त्यांची पाळी शेवटची कधी आली ते माईकवर विचारा.”

आनंदरावांचा चेहरा पडला. “हे का बोलून राहिल्या ताई तुमी! असं शोभते का?”

“हो ना. शोभत नाही. माझं तेच म्हणणं आहे.”

ते चहाचा कप घेऊन पाहुण्यांकडे निघून गेले. प्रस्तावाचं काय झालं ते त्यांनाच ठाऊक.

मग उरला डब्बा. मी कलावतीला म्हटलं, मी सोबत येते, तू बोलू नको, मी कागदावर लिहून कॅमेऱ्यापुढं धरते. मोठ्या अक्षरात, हिंदीत. डॉक्टर वाचेल, समजेल, नंबर देईल. माझ्या हुशारीवर मी इतकी खूश होते की त्या रात्री शेषरावाला दोनदा सांगितलं.

मंगळवारी सकाळी दहा वाजता गेलो. रांग होती. कलावतीच्या मागं चौथ्या गोलात देवराव उभे होते, हातात बीपीच्या गोळीचं रिकामं पाकीट. तिनं पदर आणखी पुढं ओढला. आत गेल्यावर मी बबलूला म्हटलं, दार लाव. तो बिचारा कानकोंडा झाला. “सिस्टर, दार बंद किया तो अलार्म बजता है। आवाज भी मेरे हाथ में नहीं, ऊपर से सेट है।”

टीव्हीवर डॉक्टर आला. तरुण, चष्म्यातला, दमलेला. “हां माताजी, घुटने का दर्द कैसा है अब?”

सगळ्या रांगेनं ऐकलं. मी कागद वर धरला. तो पुढं झुकला, डोळे बारीक केले आणि सरळ वाचायलाच लागला, मोठ्यानं: “माहवारी बंद हुए छह साल...”

मी कागद ओढून घेतला. चुरगाळून मुठीत धरला. कलावती खुर्चीतून अर्धी उठली होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. बाहेर कुणीतरी खोकलं. एका क्षणात माझ्या डोक्यात आलं की आता ही पळेल आणि पुन्हा कधी येणार नाही, इथंही नाही आणि कुठंच नाही.

“गलत कागज आ गया डॉक्टर साहब,” मी म्हटलं. “दूसरे का है। इनका घुटना है। बहुत सूज गया है, लाल है, तीन दिन से बुखार है, पैर टेकते नहीं बन रहा।”

“बुखार भी है? कैमरे को दिखाइए।”

“साड़ी है, साहब।”

तो थांबला. चार मिनिटांतली तीन झाली होती. “ठीक है, इन्फेक्शन हो सकता है। हड्डी विभाग रेफर कर रहा हूं।” बबलूच्या मशीनमधून चिठ्ठी निघाली. सव्वीस वर्षांत मी डॉक्टरशी एकदाही खोटं बोलले नव्हते. खऱ्याला दीड वर्ष नंबर मिळाला नाही आणि खोट्याला एका मिनिटात मिळाला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलच्या गेटवर वॉचमननं चिठ्ठी पाहिली. “घुटना? पहला माला।” आम्ही गुडघ्याच्या नावावर आत शिरलो. हाडांच्या डॉक्टरनं गुडघा दाबून पाहिला आणि विचारलं, सूज कुठं आहे? मी म्हटलं, रात्रीतून उतरली. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वेडी आहे, आणि दोन गोळ्या लिहून दिल्या. त्या घेऊन आम्ही खाली बायांच्या विभागात गेलो. तिथली नर्स मोना माझ्या हाताखाली शिकलेली. तिनं काही विचारलं नाही, मागच्या दारानं आत घेतलं.

डॉक्टर प्राची नागपूरच्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या. दार लावलं, कलावतीला टेबलावर घेतलं आणि तपासायला लागल्या. कलावतीनं माझं मनगट धरलं होतं. प्राचीचा चेहरा मी पाहत होते. तो मध्येच स्थिर झाला, आणि मला कळलं. त्यांनी तुकडा घेतला, बाटलीत घातला, हात धुतले. म्हणाल्या, “मावशी, पंधरा दिवसांनी या. घरचं कुणी असेल तर बरं.”

ते पंधरा दिवस कलावती पोळ्या करायला येत राहिली. मी म्हटलं नको येऊ, तर म्हणाली, घरी बसून का करू. मीही तिला सांगितलं की बऱ्याचदा साधं काहीतरी निघतं. तिनं ऐकून घेतलं. आमच्या दोघींचाही त्यावर विश्वास नव्हता.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रिपोर्ट आला. धोंडबाला सुटी मिळाली नाही. ठेक्यावरच्या माणसाला कसली सुटी! घरचं मोठं माणूस म्हणून देवराव आले. त्यांना एवढंच सांगितलं होतं की बाईचं काही दुखणं आहे. ते बाहेर बाकावर बसले, आम्ही आत गेलो.

प्राचीनं आडपडदा न ठेवता सांगितलं. गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर आहे, बाजूला पसरला आहे. आता ऑपरेशन करून उपयोग नाही. रायपूरला किरणांचे शेक घ्यावे लागतील आणि केमोच्या सुया. बरं होण्याची आशा आहे, पण अर्धी-अर्धी.

“वर्षभर आधी दिसलं असतं,” त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तर बहुतेक ऑपरेशनवर भागलं असतं.”

 कलावतीनं फक्त विचारलं, शेक म्हणजे दुखते का? प्राची म्हणाल्या, थोडं. मग त्या रायपूरचा कागद तयार करायला कॉम्प्युटरकडे वळल्या. नाव, वय, पिवळं कार्ड, रिपोर्टचा नंबर. शेवटी एक रकाना होता, त्याच्यापाशी त्या अडल्या. मी खुर्चीमागून पाहिलं. ‘देरी का कारण’, आणि खाली निवडायला चार ओळी. रोगी देर से आया. रोगी ने लक्षण छुपाए. रोगी ने इलाज से मना किया. रोगी दोबारा नहीं आया.

चारही ओळींत रोगीच. डॉक्टर कुठं नाही, दार कुठं नाही, ट्रस्ट कुठं नाही. चूक जी काही असेल ती रोग्यानंच केलेली असणार, हे कॉम्प्युटरनं आधीच ठरवून ठेवलं होतं.

“हे भरल्याशिवाय पुढं जात नाही,” प्राची पुटपुटल्या. त्यांनी त्यातल्या त्यात सौम्य असलेली पहिली ओळ निवडली. कागद छापून आला. त्यांनी सही केली आणि तो कलावतीपुढं ठेवला.

कलावती पाचवीपर्यंत हिंदी शाळेत गेलेली. वाचते, बोट ठेवून वाचते. तिचं बोट खाली खाली सरकत शेवटच्या ओळीवर थांबलं.

“हे का लिवलं?”

“मावशी, ते फक्त फॉर्मसाठी...”

“‘देर से आया.’ कोन आलं देर से?”

त्याच वेळी मोना दुसरी फाइल घेऊन आली आणि दार उघडं राहिलं. बाहेरचा वऱ्हांडा भरलेला होता. मी दार लावायला उठले, तोवर कलावती उभी राहिली होती.

“मी नाई आली उशिरा!”

तिचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. बाहेरचे लोक वळून दाराकडे पाहायला लागले.

“सहादा आली मी! सहादा! सिस्टरबाईसंग यायच्या आधी, रोजी पाडून आली. रक्त जाते म्हनून आली होती. पाळी जाऊन सहा वर्ष झाले अन् अंगातून रक्त जाते, म्हनून आली होती मी! तुमच्या मानसानं गुडघ्याच्या गोळ्या देल्ल्या. पट्टा देल्ला. अन् आता कागदावर मले लबाड करता?”

बाकावरून देवराव उठले होते. दारातून ते तिला दिसत होते आणि ती त्यांना. तिच्या डोक्यावरून पदर घसरला होता. तिनं तो सावरला नाही. तिचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. मी दाराशी हात धरून उभी होते आणि माझ्यानं ते लावलं गेलं नाही.

“मावशी, खरं आहे तुमचं,” प्राची म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. “पण यात तसं लिहायची सोयच नाही.”

“मंग पेनानं लिवा.”

प्राचीनं एकदा मोनाकडे पाहिलं, मग कागद जवळ ओढला. छापील ओळीवर आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: रोगी छह बार आई थी. सही केली, शिक्का मारला.

कलावती अजून उभीच होती. “तारखा टाका.”

“तारखा?”

“त्या कॉम्पुटरात असन ना. मी कवा कवा आली. साहीच्या साही टाका. रायपूरवाल्यायले बी दिसल्या पायजे.”

प्राचीनं फाइल उघडली. एकेक तारीख मोठ्यानं वाचत लिहायला लागल्या, पहिली २०२१ च्या ऑगस्टमधली. प्रत्येक तारखेला कलावती मान हलवत होती. तिला सगळ्या पाठ होत्या. चौथ्या तारखेला देवराव दारातून म्हणाले, “त्या रोजी मी बी होतो रांगेत.”

सहावी तारीख लिहून झाली तेव्हा कलावतीनं कागद उचलला, वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा बोट ठेवून वाचला आणि विचारलं, “रायपूरले कवा जायचं?”